नाताळच्या केकमध्ये मैदा-साखरेऐवजी काय? मदत हवी आहे

मंडळी, नाताळच्या सुट्टीत आमच्या गिरगावच्या घरी सगळे जमतात आणि केक घरीच होतो. यंदा सासऱ्यांना मधुमेह निघालाय. त्यांना वेगळा पथ्याचा तुकडा न देता सगळ्यांसाठी एकच केक करावा, अशी माझी मनापासून इच्छा आहे.

मैद्याऐवजी कणीक आणि नाचणी घेणार आहे. नाचणीत ग्लुटेन (पीठ बांधून धरणारा चिकट घटक) नसतं, त्यामुळे नुसत्या नाचणीचा केक कापताना तुटतो. मग निम्मी चालेल, की पावच बरी? आमच्याकडे अंडं चालत नाही, म्हणून दही आणि खायचा सोडा. लोणी कमी करून थोडं तेल, थोडा वाफवलेल्या लाल भोपळ्याचा गर.

खरी अडचण गोडाची. गूळ घाल, असं सगळे सांगतात, पण गुळानेही रक्तातली साखर वाढतेच. खजुरानेही वाढते. म्हणून खजूर भिजवून, वाटून, अगदी बेतानेच घालावा आणि बाकी चव दालचिनी, जायफळ, संत्र्याच्या किसलेल्या सालीवर सोडावी, असं मनात आहे. २५० ग्रॅम पिठाला किती खजूर पुरेल? साखर केकला ओलावा आणि रंगही देते, तो कसा आणता? स्टीव्हिया (साखरेऐवजी वापरतात तो वनस्पतीपासूनचा गोड पदार्थ) घालून कोणी केक भाजलाय का?

अक्रोड-बदाम क्रॉफर्ड मार्केटातून आणेन. टुटीफ्रुटी नको, ती पाकातली पपईच.

घरच्या मधुमेहींसाठी ज्यांनी असा केक केलाय, त्यांनी कृपया प्रमाणासकट लिहा. ओव्हन छोटा ओटीजी आहे, तापमानही सांगा.