मदत हवी आहे: पावसाळ्यात दोन्ही बाजूंनी छापताना कागद अडकतो

नमस्कार मंडळी. अप्पा बळवंत चौकाजवळ झेरॉक्सच्या दुकानात मी मशीन चालवतो. पाऊस लागल्यापासून ७० जीएसएमचा (जीएसएम म्हणजे एका चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन) पातळ कागद दोन्ही बाजूंनी छापताना सारखा अडकतोय. पहिली बाजू छान येते, पण फ्यूजरच्या, म्हणजे छपाई कागदावर पक्की करणाऱ्या गरम रोलरच्या, उष्णतेने दमट कागद वळतो आणि दुसऱ्या फेरीत कोपरा दुमडून आतच बसतो. गठ्ठा उलटा लावला, रोलर पुसले, फरक जेमतेम. ८० जीएसएम बरा चालतो, पण प्रोजेक्ट छापायला येणाऱ्या मुलांना तो महाग पडतो, आणि त्यांच्या खिशाला चाट लावणं मला पटत नाही.

कागदाची उघडलेली रिम रात्री कशात ठेवता? कागदाच्या ट्रेचा हीटर बसवून कुणाला गुण आला का? मेकॅनिक ड्रम (ज्यावर आधी छपाईची प्रतिमा उमटते तो भाग) बदला म्हणतोय. या अडकण्याशी ड्रमचा संबंध असतो का? सोमवारपासून सबमिशनची गर्दी आहे, त्याआधी सांगितलंत तर फार मदत होईल.