पापणी: कातडी की केस?

रंगरेषा: पार्लरच्या कोर्ससाठी एका मेकअप लूकच्या पायऱ्या मराठीत लिहिते आहे. कल्पना प्राचीन इजिप्तची, पण आजच्या रिसेप्शनला शोभेल अशी: पापणीवर हिरवी आयशॅडो, कडेने काळी रेघ कानाच्या दिशेने ओढलेली. अडलंय ते 'पापणीवर आयशॅडो' आणि 'पापणीला मस्कारा' इथे. दोन्हीकडे पापणीच. वेगळे शब्द आहेत का?

दिगंत: आयुर्वेदात आहेत. वर्त्म म्हणजे कातडी, पक्ष्म म्हणजे केस. सुश्रुतसंहितेत वर्त्मगत रोग वेगळे सांगितलेत. हेच रुळवायला हवेत.

आजोळ: 'वर्त्मावर ब्रश फिरवा' असं कुठली मुलगी समजून घेईल? 'पापणीचे केस' म्हणा. लवते ती पापणी, ती कातडीच.

दिगंत: आणि 'लांबसडक पापण्या' म्हणतो ते? ते केसच ना!

नीलकंठ: लूकबद्दल एक सुचवतो. हिरवा रंग मॅलाकाइट या तांब्याच्या हिरव्या खनिजाचा, तो इजिप्तच्या जुन्या काळात अधिक. राणी नेफर्टिटीपर्यंत, म्हणजे इ.स.पू. 14व्या शतकापर्यंत, काळ्याचं प्रस्थ वाढलेलं होतं. बर्लिनमधला तिचा अर्धपुतळा पाहा, डोळ्याभोवती ठसठशीत काळी रेघ आहे. तिचं नाव देणार असाल तर हिरवा आवरता घ्या. आणि त्या काळ्याला काजळ लिहू नका. ते गॅलेना, शिशाचं खनिज वाटून केलेलं, म्हणजे सुरमा.

आजोळ: माझी आजी एरंडेलाच्या दिव्यावर ताम्हण पालथं धरून काजळी जमवायची आणि लोण्यात खलायची. खरं काजळ ते. पण दुकानातल्या पेन्सिलीलाही आपण काजळच म्हणतो, आणि त्यात काही चुकत नाही. शब्द वापरणाऱ्यांचा असतो.

दिगंत: सुरमा फारसीतून आलेला. आपला 'अंजन' असताना तो कशाला? आयुर्वेदातली स्रोतोंजन, सौवीरांजन ही अंजनं खनिजंच आहेत.

नीलकंठ: रसांजन दारुहळदीचं, म्हणजे वनस्पतीचं असतं, त्यामुळे नुसत्या 'अंजन'ने खनिज कळत नाही. सुरमा म्हटलं की सुरमेदाणी आणि सळई आलीच. इजिप्तच्या थडग्यांतही अशाच कुप्या आणि सळया सापडल्या आहेत.

रंगरेषा: सुरमा लिहिलं तर कोणी खरोखरच बाजारातला सुरमा आणेल, आणि त्यात शिसं असू शकतं. डोळ्यांशी खेळ नको, मी 'काळी आयलायनर पेन्सिल' लिहिते. हिरवा फक्त बाहेरच्या कोपऱ्यात ठेवते आणि नेफर्टिटीचं नाव गाळते. मस्काराची ओळ मात्र तशीच अडली आहे.

दिगंत: 'पक्ष्म' एकदा लिहून तर पाहा.

नीलकंठ: सुरम्याचं मूळ मला तुर्की वाटतं. तिकडे 'सुर्मेक' म्हणजे फासणे, माखणे. फारसीने तो तिथूनच घेतला असणार.