न्यू व्हेगस २० मिनिटांनी अडखळतो आणि फ्रीसाइडला बंद पडतो, जुन्या लॅपटॉपवर काही करता येईल का?

पोफळवाडी_श्रीवर्धन:
नमस्कार मंडळी. लॅपटॉप बाबांचा, सुपारीच्या हिशोबासाठी घेतलेला. आय-थ्री ५००५यू प्रोसेसर, ४ जीबी रॅम, वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही, प्रोसेसरमधलंच एचडी ५५००. साधी हार्ड डिस्क, विंडोज १०. त्यावर फॉलआउट न्यू व्हेगस खेळतेय. खेळ २०१० चा, मागतो २ जीबी रॅम, म्हणून वाटलं निभावेल.

निभावतोही, पण थोडाच वेळ. सुरुवातीच्या गुडस्प्रिंग्ज गावात सेकंदाला ३० च्या आसपास फ्रेम मिळतात. २० मिनिटं झाली की एकदम १०-१२ वर येतात आणि माणूस गुडघाभर चिखलातून चालल्यासारखा चालायला लागतो. पुढे फ्रीसाइड नावाची गजबजलेली वस्ती आहे, तिचं फाटक ओलांडलं की खेळ काही न सांगता बंद होतो, समोर नुसता डेस्कटॉप. सगळं 'लो'वर नेऊन पाहिलं, रिझोल्यूशन उतरवून पाहिलं, पण २० मिनिटांचं गणित काही बदलत नाही. दुरुस्तीच्या दुकानात 'हा टाका, नवीन घ्या' एवढंच ऐकायला मिळालं. नवीन आत्ता जमणार नाही.

हाच खेळ का, तेही सांगते. ३ जून २०२० ला निसर्ग वादळात आमच्या पोफळी एका दुपारी आडव्या झाल्या. महिनाभर वीज नव्हती. पंप बंद, त्यामुळे मी आणि आई रहाटाने पाणी काढायचो, आणि आळीतली माणसं कळशा घेऊन आमच्याच विहिरीवर यायची. पुढे मुंबईला मावसभावाकडे हा खेळ पाहिला. त्यात सुरुवातीलाच सनी नावाची मुलगी तुम्हाला गावाबाहेरच्या पाण्यावर घेऊन जाते. तिथे गेको नावाचे मोठाले सरडे मारायचे, कारण त्यांच्यामुळे गावाला पाणी भरता येत नाही. अणुबॉम्ब पडून २०० वर्षं झालेली, आणि गावाची पहिली काळजी काय तर विहीर. ते बघून मी तिथेच बसले. मला हा खेळ शेवटपर्यंत खेळायचाय.

रेवस_बंदर:
डीएक्सव्हीके टाकून बघ, जुन्या खेळांचं ग्राफिक्सचं काम नव्या पद्धतीने करून देणारी फाईल आहे. माझ्या मशीनवर जुने डायरेक्ट एक्स ९ चे खेळ त्याने मस्त चालतात.

मालवणचो_सोल्डर:
ताई, डीएक्सव्हीकेच्या वाटेला जाऊ नकोस. त्याला व्हल्कन ही नवी ग्राफिक्सची पद्धत लागते, आणि इंटेलने विंडोजवर व्हल्कनचे ड्रायव्हर सहाव्या पिढीपासून पुढे दिले. तुझा प्रोसेसर पाचव्या पिढीतला. वरच्या दादांचं मशीन नवं असणार, त्यांच्याकडे चालतं ते खरं.

तुझ्या लिहिण्यातच अर्धं उत्तर आहे. सेटिंग उतरवून फरक नाही आणि घड्याळ लावल्यासारखा २० मिनिटांनी बसतो, म्हणजे मशीन तापतंय. ५००५यू ला टर्बो नाही, २ गिगाहर्ट्झ हाच त्याचा वरचा वेग. तापला की तो स्वतःला वाचवायला त्याच्याही खाली उतरतो, आणि मग तू गवत काढ नाहीतर सावल्या काढ, काय उपयोग? एचडब्ल्यू-इन्फो हा तापमान दाखवणारा प्रोग्रॅम चालू ठेवून खेळ आणि तापमान बघ. ९५ च्या वर गेलं तर आधी पंखा साफ करायचा, बाकी सगळं नंतर.

मी १४ वर्षं बंदराजवळ दुरुस्ती करतोय. आपल्याकडची धूळ घाटावरच्या धुळीसारखी फुंकून उडत नाही. खारी हवा लागून ती ओली होते आणि पंख्यापुढच्या बारीक पात्यांच्या जाळीवर बसते. बाहेरून फुंकर मारून काही होत नाही, मागचं झाकण उघडावंच लागतं. स्क्रू गंजले असतील तर जोर करू नकोस, डोकं झिजलं की संपलं. थेंबभर तेल सोड, तासभर थांब, मग बरोबर मापाचा स्क्रू-ड्रायव्हर लाव. आधी बॅटरीची वायर काढ. पंखा उचललास की त्याच्या आणि जाळीच्या मधे नमद्यासारखी पट्टी दिसेल, ती चिमट्याने अख्खी ओढून काढ. प्रोसेसरवरची पेस्ट वाळून खडू झाली असेल, ती पुसून मटारच्या दाण्याहून कमी नवी लाव. आणि एक विचारतो, खेळतेस कुठे? गादीवर मांडून खेळत असशील तर खालची हवा बंद होते.

दुसरं, रॅम. टास्क मॅनेजरमध्ये मेमरीवर टिचकी मार, 'स्लॉट्स यूज्ड' बघ. २ पैकी १ दिसलं तर तसलीच ४ जीबीची डीडीआर-थ्री-एल पट्टी जुनी मिळते, ती घाल. नुसती जागा वाढते म्हणून सांगत नाही. या ग्राफिक्सला स्वतःची मेमरी नाही, ते रॅममधूनच उचलतं. एका पट्टीवर एकच वाट, दोन पट्ट्यांवर दोन वाटा. असल्या मशीनवर एवढा फरक दुसऱ्या कशानेच पडताना मी पाहिला नाही.

फ्रीसाइडचं दुखणं वेगळं. खेळ ३२ बिटचा आहे, त्यामुळे रॅम कितीही असली तरी मूळ फाईल २ जीबीपेक्षा जास्त मेमरी वापरतच नाही. फ्रीसाइडमध्ये माणसं दाटीची, तिथे ती भरते आणि खेळ पडतो. 'फोर जीबी पॅचर' चालव, तुझी विंडोज ६४ बिट असेल तर मर्यादा दुप्पट होते. नंतर एक्स-एनव्हीएसई (बाकीच्या सुधारणांना लागणारा पाया) आणि त्यावर अडखळणं कमी करणारा 'टिक फिक्स' टाक. जुन्या लेखांत त्याच कामासाठी 'स्टटर रिमूव्हर' सांगितलेला असतो, विंडोज १० वर तो घेऊ नको. सेटिंगच्या फाईलमधला 'यू-ग्रिड्स-टू-लोड' (भोवतालचा किती भाग एका वेळी उघडायचा तो आकडा) ५ च राहू दे, वाढवलास तर सेव्हसुद्धा बिघडू शकतात. पाण्यातली प्रतिबिंबं बंद, एवढं पुरे.

रत्नागिरी_खालची_आळी:
रॅमची पट्टी येईपर्यंत फॉलआउट २ खेळून घे. १९९८ चा आहे, लढाई पाळीपाळीने होते, तुझ्या लॅपटॉपला त्याचा घामही येणार नाही. मूळ खेळाच्या फायली असल्या की चाहत्यांनी केलेल्या 'कम्युनिटी एडिशन'ने तो फोनवरही चालतो. मी दहावीच्या सुट्टीत भावाच्या पेंटियमवर खेळले होते. त्यातलं अरोयो गाव दुष्काळाने सुकत चाललेलं असतं आणि गावासाठी तुला बाहेर पडावं लागतं. पाण्याचं तू जे लिहिलंस ते वाचून तोच आठवला.

अजून एक, लॅपटॉपची बॅटरी मेलेली असेल तर एफ-फाईव्ह बटणाने होणाऱ्या एकाच झटपट सेव्हवर राहू नकोस. लिहिता लिहिता वीज गेली की तीच फाईल खराब होते. दर अर्ध्या तासाने वेगळी सेव्ह कर. पावसाळ्यात माझे १९ तास असेच गेलेत.

पोफळवाडी_श्रीवर्धन:
११ दिवसांनी लिहितेय. दादा, अगदी तुम्ही म्हणालात तसंच निघालं. तापमान ९७. आतेभावाला घेऊन झाकण उघडलं. दोन स्क्रू गंजलेले होते, तेल सोडून रात्रभर ठेवले. जाळीवरून निघालेली पट्टी समईच्या वातीएवढी जाड होती, आणि बोटाला चिकट लागत होती. पेस्ट बदलली. आता तासभर खेळलं तरी ७८-८० च्या वर जात नाही, आणि २० मिनिटांनंतरचा चिखल गेला. हो, मी गोधडीवरच मांडून खेळायचे. आता खाली पाट असतो.

स्लॉट २ पैकी १ च भरलेला होता. मावसभावाने पट्टी एसटीने पाठवली. गुडस्प्रिंग्ज ३० वरून ४० च्या पुढे. पॅचर टाकल्यापासून फ्रीसाइड एकदाही पडलं नाही, गर्दीत २६-२८ मिळतात, मला चालतात. ताई, सेव्ह वेगळ्या करतेय. परवा संध्याकाळी वीज गेली तेव्हा त्यातलीच एक कामी आली. फॉलआउट २ पण उतरवून ठेवलाय.

काल रात्री फ्रीसाइड ओलांडून स्ट्रिप या व्हेगसच्या मुख्य रस्त्यावर पोचले. इतका वेळ मोडकी घरं, आणि मग एकदम सगळा रस्ता दिव्यांनी भरलेला. बाबा पाणी प्यायला उठले होते, मागे उभे राहून बघत होते. म्हणाले, एवढं सगळं मोडलंय, मग ह्यांना वीज कुठून येते? मी सांगितलं, हूवर धरणावरून, आणि त्या धरणावरूनच सगळी भांडणं चाललीयेत. मग ते खुर्ची ओढून बसले आणि म्हणाले, चल, दाखव धरण.