मदत हवी आहे: बाइक आणि कारच्या चाकांवरचं चिकट किटण निघत नाहीये (इंदूर)

पोहेजलेबी:

नमस्कार मंडळी. घरात दोन गाड्या आहेत. भावाची दीडशे सीसीची बाइक, काळी अलॉय चाकं आणि उघडी चेन. माझी छोटी हॅचबॅक, तिचे अलॉय चंदेरी. दोन्हींची चाकं किटली आहेत. शॅम्पू, विम, कोमट पाणी असे सगळे सोज्वळ उपाय करून झाले.

बाइकच्या मागच्या चाकावर, चेनच्या बाजूला, काळे चिकट शिंतोडे आहेत. नंबर प्लेटच्या आतपर्यंत उडालेत. त्यावर धूळ बसून थर झालाय, आणि सर्व्हिसिंगहून गाडी आली की हे प्रकरण उलट वाढतं.

कारची पुढची चाकं मागच्यांपेक्षा जास्त काळी आहेत. आऱ्यांच्या कोपऱ्यात बारीक तपकिरी ठिपके आहेत, नखाने खरवडले तरी हलत नाहीत. डावं पुढचं चाक तर फारच घाण. बहुधा मी गाडी कडेच्या चिखलातून नेते म्हणून असेल. ओंकारेश्वरला जाणं-येणं बरंच असतं, हे सांगून ठेवते.

राहायला राजेंद्र नगरला. पाणी बोअरचं, जड. वाळलं की पांढरे डाग. प्रेशर वॉशर नाही. बादली, मग, ब्रश आणि अंगण एवढीच सामग्री.

मिळालेले सल्ले: शेजारच्या काकांच्या मते संडास धुवायचं ॲसिड. कोपऱ्यावरचा मेकॅनिक म्हणतो, "दीदी, पेट्रोल मारो, चमक जाएगा." आई म्हणते चिंच. तिन्हींना अजून हात लावलेला नाही. रंग न जाता आणि ब्रेकला काही न होता हे कशाने निघेल?

ब्रेकशू:

काकांना चहा पाजा आणि ॲसिड त्यांच्याबरोबरच परत पाठवा. त्यात हायड्रोक्लोरिक ॲसिड असतं. अलॉय म्हणजे मुख्यतः ॲल्युमिनियम. वरचं लॅकर, म्हणजे रंगावरचा पारदर्शक थर, जिथे टवका उडून गेलंय तिथून ॲसिड आत शिरतं आणि लॅकरखाली पांढरं फुगायला लागतं. शिवाय ते डिस्कवर आणि नटबोल्टवर ओघळलं की गंज आलाच. कॉस्टिकवाला चिमणी क्लीनरही नको, कॉस्टिक ॲल्युमिनियम खातं. चिंच देवघरातल्या पितळेसाठी ठेवा. पेट्रोलने चेनमधल्या रबरी ओ-रिंग खराब होतात, आणि घरच्या अंगणात उघडं पेट्रोल घेऊन बसणं हा वेगळाच विषय आहे.

मुळात तुमच्याकडे दोन वेगळ्या घाणी आहेत. बाइकवरची तेलकट, कारवरची लोखंडी. एकाच बाटलीने दोन्ही जाणार नाहीत.

आधी बाइक. सावलीत, चाक थंड, मेन स्टँडवर, इंजिन बंद, न्यूट्रल. रॉकेलमध्ये फडकं भिजवून पिळून घ्या आणि शिंतोड्यांवर थोडा वेळ दाबून धरा. लगेच घासू नका, थर आधी सुटू द्या. मग जुन्या टूथब्रशने कोपरे. रॉकेल ओतायचं नाही, फडक्यानेच लावायचं. मागे ड्रम ब्रेक असेल तर फटीतून आत जाता कामा नये. डिस्क असेल तर ती बहुतेक बाइकना चेनच्या विरुद्ध बाजूला असते, पण आऱ्यांमधून थेंब उडतातच, म्हणून तिच्यावर प्लास्टिकची पिशवी गुंडाळा. शेवटी भांड्यांच्या साबणाचं पाणी, साधं पाणी, कोरडं फडकं.

सायलेन्सर:

एवढा कुटाणा कशाला? मेन स्टँडवर गाडी चालू करा, पहिला गिअर टाका, फडकं रिमवर धरा. चाक आपोआप फिरतं, दोन मिनिटांत काम.

नाना_बडोदेकर:

सायलेन्सरराव, हा सल्ला कृपया मागे घ्या. फिरत्या चेनमध्ये फडक्याचं टोक सापडलं की फडक्याबरोबर हात स्प्रॉकेटकडे, म्हणजे चेनच्या दातेरी चक्राकडे, ओढला जातो. हात मागे घ्यायला वेळच मिळत नाही, बोटाचं पेर जातं. चाक हाताने फिरवायचं, आणि इंजिन बंद म्हणजे किल्ली खिशात.

आता पोहेजलेबीताई, तुमच्या बाइकचं मूळ दुखणं. चाक घाण होतंय कारण चेनला तेल जास्त पडतंय. सर्व्हिसिंगवाले पोरगं स्प्रेची नळी बाहेरून चेनवर धरतं आणि फेस येईपर्यंत मारतं. ते सगळं पहिल्या चाळीसच्या स्पीडला रिमवर येतं. तेल लागतं रोलरला आणि कड्यांच्या सांध्याला, बाहेरच्या पट्टीला नुसता हात फिरवल्याइतकं पुरे. गाडी थोडी फिरवून आणा म्हणजे चेन कोमट होते. मग इंजिन बंद करून, मागचं चाक हाताने फिरवत, खालच्या पदराच्या आतल्या बाजूवर बारीक धार सोडा. पंधरा-वीस मिनिटं मुरू द्या आणि कोरड्या फडक्याने चेन पकडून जादाचं सगळं पुसून घ्या. हे पुसणंच कोणी करत नाही. रात्री लावून सकाळी गाडी काढली तर सगळ्यात उत्तम.

आणि उघड्या चेनला बेअरिंगचं ग्रीस कोणी लावत असेल तर हात जोडून थांबवा. त्यात धूळ मिसळली की स्प्रॉकेटचे दात झिजतात. साधारण दर ५०० किलोमीटरला, आणि पावसात भिजून आल्यावर, एवढं तेल बास. गाडीचं मॅन्युअल वेगळं सांगत असेल तर मॅन्युअल खरं.

ब्रेकशू:

नानांना +१. आता कार. ते तपकिरी ठिपके म्हणजे ब्रेकची पूड. पॅड आणि डिस्क दोन्ही झिजतात, डिस्क बिडाची असते, तिचे तापलेले कण लॅकरमध्ये रुततात आणि तिथेच गंजतात. ब्रेक मारला की गाडीचा भार पुढे येतो, पुढचे ब्रेक जास्त काम करतात, म्हणून पुढची चाकं जास्त काळी. ओंकारेश्वरच्या वाटेवर सिमरोलच्या पुढे भेरूघाट पूर्ण ब्रेकवर उतरत असाल तर विचारायलाच नको. खालच्या गिअरमध्ये उतरत चला, चाकं आणि ब्रेक दोन्ही वाचतील.

यावर साबण चालत नाही. ॲक्सेसरीजच्या दुकानात आयर्न रिमूव्हर मागा, बाटलीवर पीएच न्यूट्रल (ना ॲसिड, ना अल्कली) लिहिलेलं बघून. चाक आधी धुऊन घ्या. थंड चाकावर स्प्रे करा, काही मिनिटांत जांभळे ओघळ दिसतील. लोखंडाशी प्रक्रिया झाल्याचा तो रंग आहे, घाबरू नका. वास सडक्या अंड्याचा येतो. हातमोजे घाला, उन्हात करू नका, आणि वाळायच्या आत भरपूर पाण्याने धुवा. काळे गुळगुळीत ठिपके उरले तर ते डांबर. त्याला रॉकेलचा बोळा.

जड पाण्यासाठी: एसीखाली बादली लावा. ते पाणी हवेतलं, क्षार जवळजवळ नसतात, शेवटचा हात त्याने मारा. आरओचं फेकायचं पाणी मात्र वापरू नका, घरातलं सगळ्यात जड पाणी तेच.

अक्षदंड:

एक मिनिट. डावं पुढचं "फारच घाण" हे सगळ्यांनी वाचून सोडून दिलंय. चिखल दोन दिवसांत वाळून झडतो. ताई, तिथली घाण बोटांवर घेऊन चोळा. कोरडी काळी पूड असेल तर त्या बाजूचा कॅलिपर (पॅड डिस्कवर दाबणारा भाग) अडकत असेल, म्हणजे ब्रेक पूर्ण सुटत नाही. थोडं चालवून आल्यावर ते चाक उजव्यापेक्षा गरम लागेल. रिमला जपून हात लावा, डिस्कला नाही. चिकट असेल तर गोष्ट वेगळी. स्टिअरिंग पूर्ण उजवीकडे वळवा, म्हणजे डाव्या चाकाची मागची बाजू बाहेर येईल. गाडी बंद करा आणि टॉर्चने आत बघा.

पोहेजलेबी:

बघितलं. चिकट आहे! रिमच्या आतल्या बाजूला काळं ग्रीस गोल पट्ट्यासारखं उडालंय, शॉकॲब्सॉर्बरवरसुद्धा. बोटाचं साबणानेही जात नाहीये. आवाज वगैरे काही येत नाही. बाहेरून दिसतो तो नुसता त्याचा उरलासुरला भाग आहे.

अक्षदंड:

मग ड्राइव्ह शाफ्टचा, म्हणजे इंजिनची ताकद चाकाला पोचवणाऱ्या दांड्याचा, रबरी बूट फाटलाय असं धरून चला. आत सांध्यासाठी काळं मॉलिब्डेनमचं ग्रीस भरलेलं असतं, बूट चिरला की चाकाबरोबर फिरत ते बाहेर फेकलं जातं. आत्ता पुसू नका. मेकॅनिकला तो पट्टा दिसू द्या, कुठून उडतंय ते त्यावरूनच कळतं.

पूर्ण वळण घेताना कटकट येत नाही म्हणजे सांधा बहुधा वाचलाय. बूट, नवं ग्रीस आणि क्लिपा एवढ्यावर भागेल. पण धूळ-पाणी आत गेलं की सांधा खलास, आणि खर्च पार वेगळ्या पातळीवर जातो. ओंकारेश्वर तोवर नको. डिस्कवर ग्रीस आलंय का तेही बघायला सांगा. डिस्क ब्रेक क्लीनरने पुसता येते, पॅडने ग्रीस पिऊन घेतलं असेल तर मात्र पॅड बदलायचे, आणि तेही डाव्या-उजव्या दोन्हींचे.

सायलेन्सर:

नाना, सल्ला मागे घेतला.

पोहेजलेबी:

अपडेट. गाडी वर घेतल्यावर बूट घड्यांमध्ये चिरलेला दिसला. आत माती नव्हती, सांधा ठीक आहे. बूट आणि ग्रीस नवीन, डिस्क कोरडी होती, पॅड तेच. अक्षदंड, तुमचे खूप आभार, मी शॅम्पूच बदलत बसले असते.

मग आयर्न रिमूव्हर मारलं. जांभळे ओघळ बघून आई धावत आली, गाडीला काय झालं म्हणून. वासाने परत गेली. ठिपके जवळजवळ सगळे गेले, लॅकर उडालेल्या ठिकाणचे खड्डे राहिलेत, ते तसेच ठेवते. एसीच्या पाण्याने खरंच डाग पडले नाहीत.

बाइकचं रविवारी. रॉकेल सियागंजच्या बाजारातही मिळालं नाही, डिझेल आणलंय. चालेल ना?

नाना_बडोदेकर:

चालेल, पण डिझेल रॉकेलसारखं उडून जात नाही, ओशट राहतं. साबणाचा हात दोनदा मारा. टायरच्या जमिनीला टेकणाऱ्या भागावर पडलं तर तिथेही साबण, आणि वाळल्याशिवाय गाडी बाहेर काढू नका. भावाला म्हणावं पहिलं वळण हळू घे. टायर पॉलिश असेल घरात तर ते बाइकच्या टायरला अजिबात नाही.