चिकन सोडलं, दूध चालू. हे ढोंग आहे का?

प्रश्न: चिकनच्या दुकानात जिवंत कोंबड्या पाय धरून उलट्या काट्याला लटकवतात, मान कापून निळ्या ड्रममध्ये टाकतात. आत बराच वेळ धडपड ऐकू येते. ते चिकन मी सोडलं. दूध, अंडी चालू आहेत. नवरा म्हणतो, नुसतं ढोंग!

उत्तर १: ताई, आमचा एचएफ (होल्स्टीन फ्रिजियन, जास्त दूध देणारी विदेशी जात) गायींचा गोठा आहे. गाय व्याल्याशिवाय दूध नाही. कालवड झाली तर पेढे. गोऱ्हा झाला तर? त्याला वशिंड नाही, उन्हात औताला टिकत नाही. महाराष्ट्रात गोऱ्हे कापायला बंदी, 2015 पासून बैलही कापता येत नाहीत. मग चीक पाजून झाला की लोक रात्री गाडीत घालून लांब सोडून येतात. कुत्री फाडतात. सुरीपेक्षा हे बरं का, तुम्हीच सांगा. मी आता सेक्स सॉर्टेड सीमेन (मादी वासरूच व्हावं म्हणून वेगळं केलेलं वीर्य) भरतो, बहुतेक कालवडीच होतात. पण मात्रा महाग, आणि दुधाला दर वाढवून द्यायला कोणी तयार नाही.

उत्तर २: अंड्यांचंही तेच. लेयर, म्हणजे अंड्यांसाठीच्या जातीची बरीच नर पिल्लं हॅचरीत (अंडी उबवतात तिथे) पहिल्याच दिवशी मारतात. ना अंडी, ना पुरेसं मांस.

प्रश्नकर्ती: म्हशीचं दूध घेतलं तर?

उत्तर १: रेड्यांना ती बंदी नाही, ते खाटकाकडे जातात. नाहीतर दूध वाचवायला उपाशी ठेवतात. नवऱ्याला म्हणावं, चहा तोही पितो ना?