मदत हवी आहे : गिरगावातली इमारत रिडेव्हलपमेंटला जातेय, खाणावळीच्या गाळ्यासाठी अॅग्रीमेंटमध्ये काय काय लिहून घ्यावं?

नमस्कार मंडळी,

पोस्ट लांब होणारे, पण सगळं सांगितल्याशिवाय कोणाला नीट सल्ला देता येणार नाही म्हणून लिहितेय.

ठाकुरद्वारच्या बाजूला आमची खाणावळ आहे. आजोबांनी पागडीने (एकरकमी पैसे देऊन कायमच्या भाडेहक्काने) घेतलेला गाळा, आता बाबा आणि काका बघतात, मी डोंबिवलीला असते पण कागदपत्रांचं सगळं माझ्याकडे आहे. इमारत १९४० च्या आधीची, म्हणजे सेसची (दुरुस्तीसाठी उपकर भरणारी) 'अ' वर्गातली. मालकाने बिल्डर आणलाय, ३३(७) खाली, म्हणजे जुन्या सेस इमारतींच्या पुनर्विकासाच्या नियमाखाली, प्रपोजल जाणारे, त्याला ५१ टक्के भाडेकरूंची संमती लागते आणि वरच्या मजल्यांवरच्या सह्या जवळपास झाल्यात. त्यांना सह्या कराव्याशा वाटणारच, एका खोलीत चार-पाच माणसं, संडास व्हरांड्याच्या टोकाला, पावसाळ्यात जिन्याला टेकू. त्यांना कमीत कमी ३०० चौरस फूट कार्पेटचं मालकीचं घर मिळणार आहे. आम्हाला त्यांच्या आड अजिबात यायचं नाहीये, बाबांनी वरच्या काकूंना तसं स्वतः जाऊन सांगितलंय.

प्रश्न आमच्या गाळ्याचा आहे. अनिवासी भाडेकरूला आज जेवढी जागा आहे तेवढीच परत मिळते, ते ठीक, नियमच तसा आहे. पण ड्राफ्टमध्ये लिहिलंय 'तळमजला अथवा पहिला मजला, विकासकाच्या नियोजनानुसार व्यावसायिक युनिट'. एवढंच. रस्त्याला तोंड असेल का, दर्शनी रुंदी किती, काही नाही. मीटिंगमध्ये विचारलं तर त्यांचा माणूस म्हणाला की रस्त्याच्या बाजूला विक्रीची इमारत येणार, पुढचे गाळे शोरूमसाठी, तुमचं मागच्या विंगमध्ये बघू, आणि हॉटेल असेल तर वासाची तक्रार येते म्हणून 'दुसरा काही धंदा विचारात घ्या'. पहिल्या मजल्यावर मागच्या बाजूला खाणावळ कोण शोधत येणार हो? आमच्याकडे बोर्ड बघून येणारे कमी, दारातून वालाच्या बिरड्याचा वास आला की आत वळणारे जास्त.

दुसरं, पोटमाळा. आमचा कोठीचा माल, पिंपं, कामाच्या मुलांचं झोपणं, सगळं तिथेच. सर्व्हेवाल्याने तो धरलाच नाही. आजोबांच्या वेळेपासूनचा आहे, पण तसं दाखवायला आमच्याकडे फक्त भाडेपावत्या आहेत आणि त्यावर नुसतं 'गाळा' लिहिलंय.

तिसरं आणि मला सगळ्यात जास्त छळणारं, नवी इमारत होईपर्यंतची मधली वर्षं. भाडं देणार म्हणतात पण वरच्या खोल्यांच्या हिशोबाने, चौरस फुटावर. तेवढ्या पैशात गिरगावात शटर तर सोडा, एखाद्या वाडीच्या आत स्वयंपाकापुरती खोली मिळणं मुश्कील. चार-पाच वर्षं खाणावळ बंद ठेवली तर पोळ्या लाटणाऱ्या बायका दुसरीकडे जाणार, आणि गिऱ्हाईकही.

गिऱ्हाईकाबद्दल थोडं लिहिते कारण त्यावरच निर्णय अडलाय. आधी आमच्याकडे महिन्याचे मेंबर असायचे, एकटे राहणारे नोकरदार, छापखान्यांतली माणसं, साहित्य संघात तालमीला येणारी मंडळी. ऑपेरा हाऊसचा हिऱ्यांचा बाजार २०१० नंतर बीकेसीला (वांद्रे-कुर्ला संकुलात) सरकत गेला तशी दुपारची एक मोठी लाट कमी झाली. मग मेट्रोचं खोदकाम, पत्रे लागले, रस्ता अर्धा, ती वर्षं बाबांनी कशी काढली त्यांनाच माहीत. ऑक्टोबर २०२५ ला मेट्रो ३ कफ परेडपर्यंत पूर्ण सुरू झाली, गिरगाव स्टेशन उघडलं आणि आता नवीन चेहरे दिसायला लागलेत, सीप्झ आणि बीकेसीकडून उतरणारी तरुण मुलं येऊन थालीपीठ आणि पियूष मागतात, फोटो काढतात, आईवडलांना घेऊन परत येतात. म्हणजे जेव्हा धंदा पुन्हा उभा राहतोय नेमका तेव्हाच शटर खाली करायचं. खोताच्या वाडीतलं अनंताश्रम गेलं तेव्हा लोक किती हळहळले होते, पण हळहळून काही परत येत नाही. विनय हेल्थ होम, पणशीकर यांच्यासारखी टिकलेली नावं आहेत म्हणून अजून माणूस जेवायला म्हणून गिरगावात येतो. आमचं एवढं नाव नाही, पण आम्ही त्याच रांगेतले आहोत असं मला मनापासून वाटतं.

तर ज्यांची दुकानं, विशेषतः खाण्याची, अशा प्रकारातून गेलीयेत त्यांनी प्लीज सांगा : दर्शनी गाळ्याचा आग्रह धरता येतो का, पोटमाळ्याचं काय, आणि मधल्या काळात गिरगावातच कुठेतरी छोटं चालू ठेवावं की सरळ डोंबिवलीला किंवा ठाण्याला हलवावं?

फणसवाडी : ताई, आमचं कापडाचं दुकान होतं, यातूनच गेलोय. पहिली गोष्ट, गुळमुळीत वाक्यावर सही करू नका. प्लॅनची कॉपी मागा, त्यावर तुमचा गाळा लाल पेनाने दाखवून, नंबर टाकून, दर्शनी रुंदी फुटात, उंची फुटात, 'रस्त्याला लागून तळमजला' असं लिहून ते पान अॅग्रीमेंटला जोडा आणि अॅग्रीमेंट रजिस्टर करा. नोटरी म्हणाले तर नाही म्हणा. दर्शनी गाळा नियमाने मिळतो असं नाही, तो बोलणीतून मिळतो, आणि बोलणी सही होईपर्यंतच असते. त्यामुळे खालचे सगळे गाळेवाले एकत्र या, पूजेचं सामानवाला, इस्त्रीवाला जे कोणी असतील ते. आम्ही चौघे एकत्र होतो म्हणून पुढची बाजू मिळाली, एकट्याला कधीच दिली नसती.

पोटमाळ्यासाठी महापालिकेच्या असेसमेंट खात्यातून जुना इन्स्पेक्शन एक्स्ट्रॅक्ट (जागेच्या पाहणीच्या नोंदीचा उतारा) काढा, त्यात नोंद असेल तर बोलता येतं. आणि म्हाडाच्या इमारत दुरुस्ती व पुनर्रचना मंडळाकडून भाडेकरूंची जी प्रमाणित यादी होते त्यात तुमचं नाव, क्षेत्रफळ आणि 'अनिवासी' हे तिन्ही बरोबर आहे का ते आत्ताच बघा, नंतर दुरुस्तीला फार फिरावं लागतं.

दादरकर : मी आर्किटेक्टकडे कामाला आहे म्हणून वेगळा मुद्दा. नकाशात तुमच्या गाळ्यावर नुसतं 'शॉप' लिहून घेऊ नका, उपाहारगृह असंच मंजूर नकाशात यायला पाहिजे. नाहीतर ओसी (इमारत वापरायचा दाखला) आल्यावर महापालिकेचं कलम ३९४ चं धंद्याचं लायसन्स, फायर ब्रिगेडचं एनओसी या सगळ्याला अडचण येते आणि नवीन सोसायटी पण हात वर करते. धुराचा डक्ट गच्चीच्या वरपर्यंत नकाशातच ठेवायला लावा, इमारत उभी राहिल्यावर तो बाहेरून लावायला कोणी देत नाही. शिवाय मोरीचा उतार, चरबी अडवायचा चेंबर, वीज किती किलोवॅट, पाइपचा गॅस कुठून येणार, हे सगळं एका पानावर लिहून द्या. २०१७ च्या कमला मिलच्या आगीनंतर फायरवाले हॉटेलांच्या बाबतीत कडक झालेत, आणि ते बरोबरच आहे. एफएसएसएआयचं (अन्नसुरक्षेचं) लायसन्स जागेला असतं, त्यामुळे तात्पुरत्या जागेसाठी वेगळं काढावं लागेल तेही हिशोबात धरा.

काळाचौकी : थोडं कडू बोलतो, राग मानू नका. बाबा-काकांचं वय बघता पागडीचा हक्क आत्ताच विकता येतो का बघा. १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्यात पागडी कायदेशीर आहे, मालकाचा हिस्सा जाईल पण रोख हातात येईल. आमच्या इथे दोन प्रकल्प अर्ध्यात पडलेत, भाडं पहिली दोन वर्षं आलं मग बंद. महारेरात (बांधकाम प्रकल्पांवर देखरेख करणाऱ्या संस्थेत) बिल्डर विक्रीचा भाग नोंदवतो, जुन्या भाडेकरूंना तिथे फ्लॅट घेणाऱ्यासारखा आधार मिळत नाही. निदान भाड्यासाठी बँक गॅरंटी तरी घ्याच.

डोंबिवली पूर्व : माझ्या मावसभावाने लालबागची पोळीभाजी इकडे आणली होती. स्पष्ट सांगते, इथे मराठी जेवण देणारे पुष्कळ आहेत आणि घरोघरी डबे करणाऱ्या बायका पण, त्यामुळे नावाचा फायदा झाला नाही. पण गिरगाव सोडून आलेली कितीतरी कुटुंबं इथे आहेत, त्यांना सणावाराला ऑर्डर देऊन बघा. पुरणपोळी, अळूवड्या, उकडीचे मोदक. जागा नको, घरून होईल.

(मूळ लेखिका) सगळ्यांचे खूप खूप आभार, खरंच. काल रात्री बाबांना आणि काकांना सगळं वाचून दाखवलं.

काळाचौकी, राग अजिबात नाही, तुमच्या इथे जे झालं तीच तर भीती आहे. विकायचा विषय घरात निघाला होता पण काका तयार नाहीत, आणि मलाही ती खाणावळ हवी आहे, पुढे मी नोकरी सोडून बघणार असं आमचं आधीच ठरलंय. बँक गॅरंटीचं मात्र नक्की घालतोय.

खालचे तिघे रविवारी भेटतोय, त्यात फणसवाडींनी सांगितलं तसं एकत्र पत्र देणार : दर्शनी तळमजला, नकाशात उपाहारगृह, डक्ट, आणि भाडं खोल्यांच्या नाही तर दुकानांच्या दराने. हे मिळेपर्यंत सही नाही, आणि वरच्यांना हे आधीच सांगणार, कारण आमच्यामुळे त्यांचं अडतंय असं त्यांना दुसऱ्या कोणाकडून कळायला नको. इन्स्पेक्शन एक्स्ट्रॅक्टसाठी सोमवारी वॉर्ड ऑफिसला जातेय.

मधल्या काळासाठी असं ठरतंय की मुगभाट किंवा झावबावाडीकडे आतल्या बाजूला फक्त स्वयंपाकाची जागा घ्यायची, बसायची सोय नाही, दुपारचे डबे आणि संध्याकाळी पार्सल. बायकांचं काम सुटणार नाही आणि मेट्रोने येणाऱ्यांना पण नाव लक्षात राहील. डोंबिवलीला सणाच्या ऑर्डरी मी घरून घेईन, ही आयडिया फारच आवडली.

आता दोनच गोष्टी विचारते. त्या भागात डब्यांसाठी जागा कोणाच्या माहितीत आहे का, पाण्याची वेळ आणि तळमजला असला तर उत्तम. आणि दादरकर, नकाशा अजून मंजुरीला गेलेला नाही असं कळलंय, तर डक्टचं पत्र बिल्डरच्या आर्किटेक्टला थेट द्यायचं की मालकामार्फत?