रान गेल्यावर गावात काय बदललं? गोव्यातले अनुभव लिहा

खाण, काजूबाग, रस्ता, वसाहत, कारण कुठलंही असो. तुमच्या गावाजवळचं रान गेलं असेल तर त्यानंतर पाण्याचं, शेताचं, जनावरांचं काय झालं ते इथे लिहा. मतं नंतर, आधी डोळ्यांनी पाहिलेलं.

डिचोलीकर:
आमच्या डोंगरावर खाण आली. आधी झाडं गेली, मग वरची माती आणि जांभा उपसून डंप रचला. खड्डा भूजलाच्या खाली गेला की त्यात पाणी भरतं, म्हणून पंप रात्रंदिवस चालू. आमच्या विहिरींचं पाणी तिकडेच ओढलं गेलं. पूर्वी ऐन मे महिन्यात कळशी बुडायची, पुढे मार्चमध्येच तळ दिसायला लागला. पावसात डंपची लाल माती व्हाळातून (ओढ्यातून) थेट शेतात उतरायची. तो गाळ सुकला की वर कडक पापुद्रा धरतो, भात तगत नाही. २०१२ साली खाणी थांबल्या, पण आमचं शेत आजही पडीक आहे. डंपवर अकेशिया लावलाय, लांबून हिरवागार दिसतो. आत शिरून बघा, नुसता वाळक्या पानांचा थर. भिरंडीचं (कोकमाचं) एक रोप सापडत नाही. याला जंगल म्हणू नका, एवढीच विनंती.

सत्तरीची सून:
आमच्याकडे खाण नाही, काजू आहे, आणि आमचं पोटही त्यावरच. पण रान साफ करून एकट्या काजूची बाग केली की खालचा पाचोळा, कुजकी लाकडं सगळं झाडून जाळलं जातं. वाळवी त्यावरच जगते, आणि अळमी (रानातली अळंबी) उगवतात त्या वाळवीच्या रोंयणीवर, म्हणजे वारुळावर. सासूबाई पावसाळ्यात टोपली भरून आणायच्या. आता ती जागा दाखवतात, अळमी नाहीत. गवे मात्र कुळागरात (सुपारी-केळीच्या बागेत) येतात, केळी आडव्या करतात. रानात त्यांना चरायला उरलंय काय?

कुळ्याहून:
रुळांवर मेलेला गवा आम्ही पाहिलाय. म्हणून २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मोलेच्या अभयारण्यातल्या रेल्वे दुपदरीकरणाची वन्यजीव मंजुरी रद्द केली, तेव्हा घरात सगळ्यांना खरंच बरं वाटलं.

सांगेकर:
आमची देवराई शाबूत आहे. तिच्या पायथ्याची झर उन्हाळ्यातही वाहते, खालच्या कुळागरांना पाटाने पाणी मिळतं. शेजारचा डोंगर बोडका झाला, तिथला व्हाळ दिवाळीनंतर आटतो. देवराईची नोंद व्हावी म्हणून पंचायतीत अर्ज दिलाय.

डिचोलीकर:
सांगेकर भाऊ, त्या अर्जाचा मसुदा इथे टाकाल का? आमच्या वाड्यावरही थोडी राई उरली आहे.